चासीवरचा नंबर

मुखरू तेव्हा विश्वनाथ पेंटावार ठेकेदाराच्या लॉऱ्या दुरुस्त करायचा. ठेकेदार मोठा माणूस, जंगलातलं सागवान त्याच्याच लॉऱ्यांतून वडशाच्या रेल्वेपर्यंत जायचं. दुसरी मोठी लढाई संपली त्या पावसाळ्यात त्याची एक भरली लॉरी चिचटोल्याच्या नाल्यात कलंडली. चिचटोला म्हणजे मुखरूचं गाव, धानोऱ्याच्या अलीकडे, सडकेला लागून. ड्रायव्हर पुरात वाहून गेला आणि खालच्या अंगाला बांबूच्या बेटात अडकलेला सापडला. पाणी ओसरल्यावर ठेकेदार स्वतः आला. काठावर उभा राहून त्यानं त्या चिखलानं भरलेल्या सांगाड्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मुखरू, हे धूड तू घेऊन जा रे बाप्पा. मले याचं तोंड पाहाचं नाई."

मुखरूची बायको शकुबाई तिथंच कमरेवर पितळी गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, घेऊन उभी होती. हे शब्द तिनं आपल्या कानांनी ऐकले. पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतला इसरू गोंड आपले रेडे घेऊन आला होता, त्यानंही ऐकले. रेडे जुंपले, दोर तुटले, पुन्हा बांधले, आणि सांजवेळेपर्यंत लॉरीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मुखरूच्या अंगणात येऊन पडली. इंजिन चिखलानं खाऊन टाकलं होतं, वरची बॉडी नाल्यातच राहिली.

"काय कराचं याचं?" शकुबाईनं विचारलं.

"मोटार," मुखरू म्हणाला.

ती हसली होती तेव्हा. मग बरीच वर्षं हसायला फुरसतच झाली नाही. कामठीला लष्करी सामानाचा लिलाव झाला, तिथून मुखरूनं पायली-पायली धान विकून इंजिन आणलं. मागचा आस एका फुटक्या बसचा, रेडिएटर भलत्याच गाडीचा, स्टेअरिंग एका जमीनदाराच्या मोडीत निघालेल्या मोटारीचं. एकाचं भोक दुसऱ्याला जुळायचं नाही. मुखरू भात्यावर बसून लोखंड तापवायचा, ठोकायचा, लावून पाहायचा, काढायचा, पुन्हा तापवायचा. भाता शकुबाई ओढायची. शेजारणी म्हणायच्या, शकुबाईच्या घरी सवत आली. ती उलटून बोलायची नाही, कारण सुरुवातीला तिलाही तसंच वाटायचं. पुढे कधीतरी ते वाटेनासं झालं. कोणता नट कुठल्या डब्यात आहे ते मुखरूला विचारण्याआधी ती सांगू लागली.

बॉडी इसरूनं केली. बीज्याच्या लाकडाच्या फळ्या त्यानं अशा बसवल्या की मध्ये नख जायचं नाही. बसायला दोन्ही बाजूंना बाक, वर ताडपत्रीचा टप. बाजाराच्या दिवशी धानोऱ्याला जाणाऱ्या बायांनी यात बसावं, मोहफुलांच्या, धानाच्या, लाखेच्या टोपल्या मध्ये ठेवाव्या, असं ठरलं होतं.

पहिल्यांदा हँडल मारल्यावर इंजिन बोललं, तेव्हा गावातली कुत्री सडकेपार पळाली. मुखरूनं बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. हाताला थरथर लागत होती. शकुबाईनं आरती ओवाळली, नारळ फोडला. इसरूनं चाकाजवळ आपल्या पद्धतीनं मोहाच्या दारूची धार धरली.

पहिल्याच बाजाराला जमादारानं अडवलं. "नंबर कुठी हाये?"

"नाई जी."

"मंग पास करून आण. बिनानंबराची मोटार पुन्हा सडकेवर दिसली तर आत टाकीन."

मोटारी पास करणारे साहेब जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे. उन्हाळ्यात वैनगंगेवर रपटा, म्हणजे तात्पुरता पूल, बांधला, तेव्हा जमादाराची चिठ्ठी खिशात घालून मुखरूनं मोटार तिकडे नेली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मोटारीला चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं, ब्रेक दाबून पाहिला, आणि फळ्यांवरून हातही फिरवला.

"चांगली केलीस. पण ही आहे कोणाची?"

"माही जी."

"तुझी कशावरून?"

मुखरूला हा प्रश्नच कळला नाही. त्यानं आपले हात पुढे केले, भाजल्याचे डाग असलेले. साहेब ओशाळले. मग समजावून म्हणाले, "हे बघ, इंजिन बदलतं, चाकं बदलतात, बॉडीही बदलते. आमच्या लेखी मोटार म्हणजे तिची चासी. चासीवर नंबर ठोकलेला असतो. तो मला दाखव, मी पास करतो. नंबर नाही तर ही मोटारच नाही, भंगाराचा ढीग आहे."

घरी आल्यावर मुखरू मोटारीखाली शिरला. नाल्यातल्या चिखलानं आणि वर्षानुवर्षांच्या गंजानं लोखंडावर खवले धरले होते. त्यानं खरवडलं, रॉकेलनं पुसलं, कंदील धरून पाहिलं. नंबर मिळाला नाही. पुन्हा पावसाळा आला, मोटार ताडपत्रीखाली उभी राहिली. गडचिरोलीचा झिंगू ड्रायव्हर एकदा येऊन बसला तेव्हा म्हणाला, "काऊन डोकं खपवून राह्यला मुखरूभाऊ? छिन्नी घे, चार आकडे ठोक. कोण पाहाले येते?"

मुखरू भडकला. "या गाडीत चोरीचा एक खिळा नाई, अन् नंबर खोटा ठोकू काय?"

झिंगू चहा पिऊन निघून गेला. तो गेल्यावर मुखरू कितीतरी वेळ छिन्नीकडे पाहत बसला, हे शकुबाईनं पाहिलं. तिच्या जिवाला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी मुखरू रोजीनं बांबू तोडायला गेला, तेव्हा तिनं चुलीतली राख घेतली, विटकरीचा भुगा केला आणि चिंच भिजत घातली. पितळी गुंड घासायचं सामान ते. ते घेऊन ती मोटारीखाली शिरली आणि सांगाड्याच्या पट्ट्या एका टोकापासून घासू लागली. तिला अक्षर येत नव्हतं. पण भांड्यावर ठोकलेलं नाव बोटाला लागतं, तसं काही लागेल, एवढं तिला ठाऊक होतं. उन्हं कलली तेव्हा पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, खवल्याखाली, तिच्या बोटाला खड्डे लागले. तिनं चिंच चोळली, थुंकी लावून पदरानं पुसलं. एकापुढे एक आकडे उठून आले.

मुखरू घरी आला तो तिचं तोंड पाहूनच दचकला. काळ्या तेलानं आणि राखेनं माखलेली ती हसत होती.

"अवो, खाली घुसून पाहा ना!"

तो शिरला. बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "शकू, तू मोटार पास केली वो," तो म्हणाला. त्यानं आयुष्यात तिला नावानं हाक मारली ती तेवढीच.

रपटा पुन्हा बांधला गेल्यावर मुखरू मोटार घेऊन साहेबांकडे गेला. मधल्या काळात राज्य बदललं होतं, नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं, पण साहेब तेच होते. त्यांनी नंबर उतरवून घेतला आणि नागपुराला विचारणा केली. उत्तर यायला उन्हाळा सरला. उत्तर आलं ते असं, की या नंबराची लॉरी आधीच नोंदलेली आहे. मालक विश्वनाथ पेंटावार.

मुखरूला उलट आनंदच झाला. "बराबर हाये जी! त्यायनंच मले देल्ली."

"मग त्यांचं तसं पत्र आण."

ठेकेदार वारून दोन पावसाळे झाले होते. मुखरू आणि शकुबाई ठेकेदाराच्या थोरल्या मुलाकडे, गुणवंतरावांकडे गेले. गुणवंतरावांनी दोघांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"बाबांनी दिली असंल, मुखरू. तू खोटं बोलणारा नाहीस, मले माहीत आहे."

"मंग सही द्या ना भाऊ."

गुणवंतरावांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "धाकट्यानं माझ्यावर वाटणीचा दावा टाकलाय. बाबांची सुई जरी कोणाले दिली, तरी मी इस्टेट उधळली म्हणून तो कोर्टात उभा राहील. माझ्या हातात आता काहीच नाही रे. अन् एक सांगू? तू ही गोष्ट काढायलाच नको होती."

पण गोष्ट निघाली होती. धाकट्या भावाच्या कानावर गेली. बापाची एक लॉरी चिचटोल्याचा फिटर दडवून बसला आहे, असा अर्ज त्यानं कोर्टात दिला. निकाल लागेपर्यंत लॉरी कोर्टाच्या ताब्यात ठेवावी, असा हुकूम निघाला.

कोर्टाचा बेलिफ आला तो सायकलीवर, बरोबर एक शिपाई. मोटारीकडे पाहून त्यानं कपाळाचा घाम पुसला. लॉरी न्यायची म्हणून त्याला पाठवलं होतं, पण त्याला चालवता येत नव्हती, शिपायाला येत नव्हती. गडचिरोलीहून आणलेल्या सरकारी ड्रायव्हरनं हँडल मारून मारून हात टेकले. त्या इंजिनाची खोड एकट्या मुखरूला ठाऊक होती.

"मुखरूभाऊ," बेलिफ खाली पाहत म्हणाला, "तुमालेच आणून द्यावी लागते. नाई तर मले बैल लावून ओढत न्यावी लागंल. मोडंल सारी."

तेवढ्यात इसरू धावत आला. तो बेलिफासमोर उभा राहिला. "मी होतो जी तिथी. पेंटावारानं देल्ली ना याले. माह्या रेड्यायनं ओढली. माह्या फळ्या हायेत या."

"कोर्टात सांग बाबा. मले काऊन सांगते?"

इसरू कोर्टात सांगायलाही गेला पुढे. वकिलानं त्याला साल विचारलं, तारीख विचारली. त्याला सांगता आली नाही. शकुबाईनंही सांगितलं. तिला म्हणाले, तू तर त्याची बायको.

बेलिफ आला त्या दिवशी मुखरूनं अंगात धुतलेला सदरा घातला. मोटारीची काच पुसली, पाणी भरलं, तेल पाहिलं. शकुबाई आपणहून पुढे त्याच्या शेजारी चढून बसली. बेलिफ, शिपाई आणि तो ड्रायव्हर मागच्या बाकांवर बसले. सायकल मध्ये आडवी ठेवली.

इतक्या लांबचा प्रवास तिनं त्या मोटारीतून पहिल्यांदाच केला. सडकेच्या दोन्ही बाजूंनी पळस पेटला होता. वारा लागत होता. मोटार कुठंही अडली नाही, चढावर दमली नाही, की नाल्याच्या रेतीत फसली नाही. शकुबाई मनात म्हणत होती, मोड गं माय, इथंच मोड, जंगलात आस तुटू दे. पण मुखरूनं तिला मोडण्यासारखी केलीच नव्हती. मागून शिपाई कौतुकानं म्हणाला, "कोणत्या कंपनीची आहे हो? सरकारी बसपेक्षा बरी चालते." मुखरूनं गिअर बदलला.

कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली मुखरूनं मोटार उभी केली. इंजिन बंद केलं. उतरून, सवयीनं, मागच्या चाकाला दगड लावला. तिथून ते दोघं पायी परत आले. वाटेत रात्र काढायला एका गावाबाहेर थांबले, तेव्हा शकुबाईला राहवलं नाही.

"मी घासलं नसतं तर नंबरच निंघाला नसता. माह्या हातानं गेली."

मुखरूनं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. नाही म्हटलं असतं, किंवा हो म्हणून शिवी दिली असती. तो उताणा पडून वर पाहत राहिला. तिच्यावर तो रागावला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तिच्या हातचं मुकाट्यानं जेवत राहिला. ती त्याच्या रागाची वाट पाहत राहिली, आणि तो न आल्यामुळे तिची कधीच सुटका झाली नाही.

मोटार पावसात भिजली. ताडपत्री कोणी नेली, सीटवर कोंबड्या बसू लागल्या. पेशीच्या तारखेला मुखरू जायचा, मोटारीला लांबूनच पाहायचा, परत यायचा. शेवटी पेंटावार भावांची तडजोड झाली. तडजोडीत मोटार कोणालाच नको होती. कोर्टानं ती लिलावात काढली. बोली लावायला मुखरू गेला होता. वडशाच्या एका व्यापाऱ्यानं त्याच्यावर बोली चढवली आणि मुखरू गर्दीतून मागच्या मागे बाहेर पडला.

व्यापाऱ्याला कोर्टाचा कागद मिळाला. कागद होता म्हणून साहेबांनी त्याच महिन्यात मोटार पास केली. पांढऱ्या रंगानं पाटीवर नंबर लिहिला गेला. आणि पुढच्या हिवाळ्यापासून ती धानोऱ्याच्या बाजाराला माणसं नेऊ लागली, चिचटोल्याच्या सडकेनं.

पहिल्यांदा तिचा आवाज आला, तेव्हा मुखरू ताटावरून उठला. दारात उभा राहून कान देऊन म्हणाला, "टायमिंग चुकवलं. चढावर गरम होईल." शकुबाईला त्या बोलण्यानं बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी तो एवढं बोलला होता. मग दर बाजाराला ती वाटच पाहू लागली. मोटार गेली की तो काहीतरी म्हणायचा. व्हॉल्व्ह वाजते. क्लच घसरून राह्यला. स्प्रिंगच्या पाट्याचं एक पान तुटलं. एकदा व्यापाऱ्याचा माणूस बोलवायला आला, बिघाड कोणाला सापडत नव्हता. मुखरूनं आतून सांगितलं, मी लॉऱ्यांचं काम सोडलं. पण रात्री शकुबाईला म्हणाला, "कार्बोरेटरात रेती असंल. माह्याशिवाय कोणाले समजाचं नाई." तेवढ्यावर ती पुढच्या बाजारापर्यंतचे दिवस काढायची.

धान कापणीच्या दिवसांत दोघं सडकेकाठच्या एका शेताच्या बांधीत रोजीनं कापत होते. मोटार आली. टपावरही माणसं बसली होती. इंजिन असं खडखडत होतं की इसरूच्या फळ्या हादरताना दिसत होत्या. शकुबाई विळा थांबवून मुखरूकडे पाहत राहिली. मोटार अगदी बांधीच्या धुऱ्याजवळून, बांधाला घासून गेली. मुखरूनं मान वर केली नाही. त्याचा हात थांबलाही नाही. मूठ धरायची, कापायची, बाजूला ठेवायची, असं त्याचं चाललं होतं.

"अवो," ती म्हणाली, "मोटार गेली."

"कोणती?"

त्यानं खरंच विचारलं होतं. शकुबाई धानात खाली बसली. बाकीच्या बाया पुढे कापत गेल्या, आणि बांधीच्या मालकानं हाक मारेपर्यंत तिला उठता आलं नाही.