कोपऱ्यावर दाबलेलं बटण

माझा मुलगा रुग्णवाहिका खात्याचा प्रमुख आहे आणि तो कोणाच्या वशिल्याने तिथे चढलेला नाही. स्ट्रेचर उचलण्यापासून सुरुवात केली, पंचवीस वर्षं पाठ मोडून घेतली, तेव्हा कुठे खुर्ची मिळाली. मी चौथीच्या पुढे गेले नाही, पण माझ्या पोटचा पोरगा बोलायला उभा राहिला की डॉक्टर लोक वहीत उतरवून घेतात. आता त्याला सगळ्या प्रांताचं खातं मिळायचं होतं.

त्याचं नाव झालं ते आठ मिनिटांमुळे. फोन आल्यापासून आठ मिनिटांत माणूस हजर. ड्रायव्हरच्या हातात एक यंत्र असतं, त्यावरचं 'पोहोचलो' हे बटण दाबलं की घड्याळ थांबतं. आठ मिनिटं पुरेनात, तेव्हा मुलाने सगळ्यांना तोंडी सांगितलं, गल्लीच्या कोपऱ्यावर आलात की दाबा. कागदावर एक अक्षर नाही. सगळे दाबायला लागले. एकटा माझा जावई ऐकेना. तोही तिथलाच ड्रायव्हर. हा जिना चढणार, पेशंटपाशी बसणार आणि मग सावकाश बटण दाबणार.

रविवारी सगळे माझ्याकडे जेवायला होते. मुलगा म्हणाला, "तुझ्या एकट्यामुळे माझा आकडा बिघडतोय."

"दादा, पेशंट कोपऱ्यावर नसतो," जावई ताटात बघत म्हणाला.

मी वाढता वाढता म्हणाले, "जावईबापू, तुम्ही पोहोचेपर्यंत पेशंट बरा होऊन कामाला जात असेल!"

सगळे पोट धरून हसले. माझी मुलगीही हसली. जावई तेवढा कानापर्यंत लाल झाला.

मंगळवारी त्याने कोपऱ्यावर बटण दाबलं.

चौथ्या मजल्यावर एक मास्तर छातीत कळ येऊन पडले होते. नियंत्रण कक्षातली मुलगी त्यांच्या बायकोला फोनवर सांगत होती, "छाती दाबत राहा, थांबू नका, मी मोजते." तेवढ्यात तिच्या पडद्यावर 'पोहोचलो' उमटलं. "आमची माणसं आली, दार उघडा," म्हणून तिने दुसरा फोन घेतला. तिचंही काही चुकलं नाही. बाई नवऱ्याला सोडून उठल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. खाली गल्लीत सिमेंटचा ट्रक आडवा, वर लिफ्ट बंद. जावई धापा टाकत पोहोचला तेव्हा पाच मिनिटं गेली होती. बाई दाराशीच होत्या. मास्तर गेले होते.

गुरुवारची चौकशी लागली. सगळं एका प्रश्नावर अडलं होतं, कोपऱ्यावर बटण दाबायला कोणी सांगितलं? जावयाने साहेबांचं नाव घेतलं असतं तर माझ्या मुलाचं पुढचं पद राहिलं बाजूला, असलेली खुर्चीही गेली असती.

बुधवारी दुपारी मी मुलीच्या घरी गेले. चहा घेतला नाही.

"उद्या सांगायचं, मी माझ्या मनाने दाबलं."

"आई, बाईंनी हात थांबवले ते माझ्यामुळे," जावई म्हणाला. "रात्रभर डोळा लागला नाही. पण सांगणारा कोण होता तेही सांगायला नको?"

"सांगा की! मेव्हण्याला बुडवा. मास्तर उठून बसणार आहेत?"

मुलगी म्हणाली, "आई, ह्यांची नोकरी जाईल."

"नाही जाणार. थोडे दिवस भांडारात बसवतील, गोळ्या-पट्ट्या मोजायला. दादाला मी सांगते. माझा शब्द आहे."

माझा शब्द आजवर कोणी खाली पडू दिलेला नाही. जावयालाही ते ठाऊक होतं. त्याने मान हलवली.

चौकशीला टेबलामागे तिघं बसले होते. जावई म्हणाला, "कोणी सांगितलं नव्हतं. मीच दाबलं."

मास्तरांच्या पत्नी उठल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "मी दाराशी उभी होते," म्हणाल्या. "तुम्ही कुठे होतात?"

"कोपऱ्यावर."

मग अध्यक्षांनी माझ्या मुलाला विचारलं, शिक्षा काय असावी. मुलगा उठला, शर्ट नीट केला. "बडतर्फ करावं. पुन्हा कुठल्याही रुग्णवाहिकेवर घेऊ नये. माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे, म्हणूनच सांगतो, दयामाया नको."

तिघांनी माना डोलावल्या. अध्यक्ष म्हणाले, असा अधिकारी खात्याचं भाग्य. मुलीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा करत बसले.

गाडीत मी विचारलं, "भांडाराचं काय झालं?"

"कसलं भांडार?"

"मी शब्द दिला होता."

"तू दिलास, मी कुठे दिला?" तो फोनवरचे अभिनंदनाचे निरोप वाचत होता. "त्याला ठेवला असता तर लोक म्हणाले असते, पाहुण्याला पाठीशी घातला. अर्धवट काम करून चालत नाही, आई."

फाटकाबाहेर ती दोघं चालली होती. ऊन मी म्हणत होतं. जावयाच्या अंगात गणवेश नव्हता, तो तिथेच उतरवून घेतला असावा, नुसत्या बनियनवर होता. मुलगी त्याच्या डोक्यावर आपली ओढणी धरत होती आणि तो ती बाजूला सारत होता.

ड्रायव्हरने गाडी हळू केली. "ताई आहेत, साहेब."

"चल पुढे," मुलगा म्हणाला.

माझ्या बाजूच्या दाराची कडी माझ्या हाताशी होती. थांब म्हटलं असतं तर ड्रायव्हर थांबला असता, माझं तो ऐकतो. मी म्हटलं नाही. आत गारवा होता, आणि शेजारी माझा मुलगा बसला होता, सगळ्या प्रांताचा साहेब.