मेजर हॅलमसमोरची मीटिंग

अरे, ऐका तर. मेजर हॅलम समोर बसलेले, आणि त्यांनाच क्लबमधून काढायची चर्चा चाललेली, तीही धडधडीत मराठीत! वैभवीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हे मेजर म्हणजे इंग्लंडच्या आर्मीतले. तरुणपणी रणगाडे घेऊन जर्मनीत आले, स्टुटगार्टच्या उर्सुलाशी लग्न केलं, रिटायर होऊन इथेच राहिले. क्रिकेटची जन्मभर हौस. आपल्या आयटीवाल्यांना मैदान कोण देत होतं इथे? यांनीच फुटबॉलच्या फेराइनकडे, म्हणजे इथल्या क्लबाकडे, खेटे घालून त्यांचं मागचं ग्राउंड मिळवलं. उर्सुला गेली, त्याच्या पुढच्या रविवारीसुद्धा मॅट अंथरायला सगळ्यांच्या आधी हजर. सत्तरीचा माणूस!

आणि गुन्हा काय? तर इथल्या लीगमध्ये बॅटिंग करणाऱ्या टीमचाच माणूस अंपायर उभा राहतो. सेमीफायनलला मेजर उभे होते. शेवटची जोडी, चार रन हवे, आणि बॉल थेट आपल्या कॅप्टनच्या, म्हणजे शिरीषच्या पॅडवर. मेजरनी बोट वर केलं. मॅच गेली.

आता मीटिंगमध्ये शिरीष मेजरकडे बघून गोड हसत बाकीच्यांना सांगत होता, की म्हाताऱ्याला घरी बसवू या, आपल्या क्लबात आपली माणसं हवीत. बाकीचे चौदा जण 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'बरोबर, बरोबर', करत जर्मन थाटात माना डोलावत होते. मेजरना वाटलं, पुढच्या सीझनचं काहीतरी चाललंय. तेही हसून मान हलवत होते. अनिमेषनं तर त्यांना वर चहा ओतून दिला.

वैभवी टीमची स्कोअरर. तिनं पेन आपटलं, उठली आणि झालेलं एकेक वाक्य इंग्लिशमध्ये सांगून टाकलं, 'म्हातारा'सकट.

“वैभवी, खाली बस,” शिरीष म्हणाला.

“का शिरीषदादा? त्यांना कळलं म्हणून?”

मेजरनी कप खाली ठेवला. “शिरीष, तू आउट होतास,” ते त्यांच्या इंग्लिशमध्ये शांतपणे म्हणाले. “आता ज्यांना मी नकोय, त्यांनी हात वर करा.”

एक हात वर जाईल तर शपथ. कुणी मोबाइलमध्ये, कुणी खिडकीबाहेर. शिरीष चक्क बुटाची लेस बांधायला वाकला.

मेजर राहिले क्लबात. वैभवीला आनंद व्हायला हवा होता, पण घरी जायला एस-बानच्या लोकलमध्ये बसल्यावरही ती धुमसतच होती. एकानं तरी हात वर करायचा होता. निदान त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.