तेऱ्याची बारा पानं

"सर, हे कुठल्या आदिवासींचं आहे?"

रूपाने गोणीतून एक घागरा ओढून काढला होता आणि त्याच्या नेफ्याला टाचलेली चिठ्ठी ती वाचत होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'कोळी डान्स, मोठा, ४ नग'. गोणीत मोरपिसांचे मुकुट होते, प्लॅस्टिकच्या कवड्यांच्या माळा होत्या आणि एक रबरी भालाही होता.

"कुठल्या का असेना," ललित सर म्हणाले. "समुद्र काय नि डोंगर काय, पाहणीला येणाऱ्या समितीला दिसलं पाहिजे. ड्रेसवाल्याच्या दुकानात होतं नव्हतं ते सगळं उचलून आणलंय मी. परवा सकाळी दहाला तयार राहायचं, सगळ्यांनी."

"परवा माझं प्रोजेक्टचं सादरीकरण आहे, सर."

"ते शेवटी. वेळ उरला तर."

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात परिचर झुलाल बागुल ब्युरेट, ती थेंब मोजायची लांब काचेची नळी, विसळत उभा होता. त्याने मान वर केली नाही, पण ओठांचा एक कोपरा खाली गेला. एकतीस वर्षांच्या नोकरीत झुलालने आपलं मत व्यक्त करायला तेवढाच एक कोपरा वापरला होता.

ललित सर धुळ्यातल्या त्या कॉलेजच्या 'आदिवासी विज्ञान संवर्धन केंद्रा'चे समन्वयक होते. हे केंद्र म्हणजे पूर्वी मोडकी स्टुलं ठेवायची खोली. स्टुलं गच्चीवर गेली, दारावर पाटी आली, पाटीवर त्रिकोणी माणसांचा गोल काढला आणि केंद्र सुरू झालं. अकरा विद्यार्थी आणि सहा मार्गदर्शक. मार्गदर्शकांची नि विद्यार्थ्यांची आजवर दोनदा भेट झाली होती. एकदा अर्ज भरताना, एकदा फोटोच्या वेळी. फोटोत ललित सरांचा हात एका मुलाच्या खांद्यावर होता. त्या मुलाचं नाव त्यांना आजही सांगता आलं नसतं.

झुलाल माणसांची पारख ब्युरेटवरून करायचा. ब्युरेट आधी पाण्याने, मग जे भरायचं त्याच द्रावणाने विसळायची असते. हे न करता थेट भरणारा माणूस त्याच्या मनातून कायमचा उतरे. या हिशेबाने सहाही मार्गदर्शक कधीच उतरले होते. ललित सरांना तर ब्युरेटचं कपाट कोणतं तेच ठाऊक नव्हतं. पण झुलालचा तिरस्कार तेवढ्यावर भागणारा नव्हता. तो स्वतः पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगरातला कोकणा आदिवासी. एकोणिसाव्या वर्षी धुळ्याला आला, शर्ट खोचायला शिकला, बोली घरी ठेवून आला आणि पुढे गावाला गेला तो फक्त मयताला. गावातल्या लोकांनाही तो अडाणीच समजत असे. भगत, घुमणं, कोंबडं, सण, सगळं त्याने एका फटक्यात मोडीत काढलं होतं.

दोन वर्षांपूर्वी रूपा आली. एम.एस्सी.च्या पहिल्याच दिवशी तिने कोणी न सांगता ब्युरेट दोनदा विसळली. झुलाल तिच्याजवळ गेला आणि इतक्या वर्षांत कॉलेजात कोणाशी न बोललेल्या बोलीत म्हणाला, "कोन गावनी तू, बेटा?"

गाव त्याच्या गावाच्या शेजारचंच निघालं.

तिचा प्रोजेक्ट होता तेऱ्यावर. तेरा म्हणजे रानातला अळू. पहिल्या पावसाबरोबर डोंगरात उगवतो. कोकणा लोक तेऱ्याचा सण झाल्याशिवाय त्याचं पान तोंडात घालत नाहीत, तोडतही नाहीत. आधी तेरा देवाला, मग माणसाला. शहाण्यांनी याला अंधश्रद्धा म्हणून कधीच निकालात काढलं होतं, त्या शहाण्यांत झुलालही होता. रूपाने मात्र एक साधा प्रश्न विचारला. सणाआधीच्या पानाने घसा खाजतो असं म्हातारी माणसं म्हणतात, तर त्या पानातलं खाजरं ऑक्झॅलेट मोजायचं, दर आठवड्याला, सणाच्या आधी आणि सणानंतर.

पण मोजायचं तर पान तोडावं लागणार. ती भगताकडे गेली, गावासमोर बसली. शेवटी ठरलं की ओढ्याकाठच्या एका तुकड्यातली बारा झाडं तिची. त्यांना लाल दोरा बांधायचा. एका वेळी एकच पान घ्यायचं आणि मुळाशी नागलीचे चार दाणे ठेवायचे. त्या तुकड्याला दुसऱ्या कोणाचा विळा लागणार नाही, हा शब्द तिने गावाला दिला. तिथे ना कुंपण, ना राखण. सण होईपर्यंत कोणी हात लावत नाही, हेच कुंपण.

पानं उकळून, गाळून, गरम असतानाच जांभळं परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचं. शेवटच्या थेंबाला द्रावण फिकट गुलाबी होतं आणि तसंच राहतं. तो थेंब ओळखायला झुलालने तिला शिकवलं. आणखी एक गोष्ट शिकवली. वहीत काही चुकलं तर खोडायचं नाही, व्हाइटनर लावायचं नाही. एक रेघ मारायची, शेजारी कारण लिहायचं, खाली दुसऱ्याची सही घ्यायची. तिच्या वहीत रोजची ती सही झुलालची असे. वहीच्या पहिल्या पानावर 'मार्गदर्शक' या शब्दापुढेही तिने त्याचंच नाव लिहिलं होतं. कोणी बघत नसताना झुलालने ते पान तीन-चारदा उघडून पाहिलं होतं.

गेल्या वर्षीचे आकडे चांगले आले. सण उलटला तसं ऑक्झॅलेट उतरत गेलं. पण एका वर्षाच्या आकड्यांना कोणी विचारत नाही. यंदा तेच पुन्हा दिसलं तर समिती पावसाळ्यानंतर पुण्याच्या प्रयोगशाळेत सहा महिन्यांसाठी ज्या दोघांना पाठवणार होती, त्यांत रूपाचं नाव येण्यासारखं होतं. सणाला अजून अकरा दिवस होते.

रूपा घागरा पुन्हा गोणीत कोंबून निघून गेली. ललित सर झुलालकडे वळले.

"झुलालराव, बसा ना."

झुलाल दचकला. एकतीस वर्षांत त्याला या खोलीत 'बसा' कोणी म्हटलं नव्हतं आणि 'राव' तर मुळीच नाही. तो ओल्या हातांनी स्टुलावर टेकला.

"तुम्ही तिकडचे जाणकार. समितीला रानभाज्या खाऊ घालायच्यात, स्टॉलही सजवायचाय. ते तुमचं तेरा की काय, कुठे मिळेल चांगलं? भरपूर हवं."

जाणकार! झुलालला पाठ ताठ करावीशी वाटली. त्याने खिशातला पेन काढला आणि कागदावर पिंपळनेरचा फाटा, घाट, ओढा, सगळं रेखून दिलं. ओढ्याकाठचा तो तुकडाही दाखवला, कारण तिथे तेरा सगळ्यांत दाट होता आणि जाणकाराने दुसऱ्या नंबरची जागा काय सांगायची? मग त्याला आठवलं.

"पण सर, सणाआधी तोडत नाहीत ते."

"का? देव कोपतो?" ललित सर खदखदून हसले.

आणि झुलालही हसला. साहेब हसले की हसायचं, ही सवय एकतीस वर्षांची. शिवाय आपण काही त्या डोंगरातल्यांपैकी नाही, हेही त्या हसण्यातून सांगायचं होतं. लाल दोऱ्याचं सांगणं मात्र त्या हसण्यात राहून गेलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजची जीप गेली आणि संध्याकाळी भरून आली.

समितीचे तिघे साडेअकराला आले. मांडवाच्या खांबांना तेऱ्याची पानं बांधली होती. मुलं मुकुट घालून नाचली. नाच त्यांच्या कोणाच्याच गावचा नव्हता, गाणं स्पीकरवरचं होतं आणि रबरी भाला मध्येच वाकला. ललित सरांनी माइकवर सांगितलं की हे केंद्र म्हणजे परंपरा आणि प्रयोगशाळा यांच्यातला पूल आहे. टाळ्या झाल्या.

रूपा नाचली नाही. साध्या सलवार-कमीजमध्ये वही छातीशी धरून ती स्टॉलपाशी आली आणि पानांच्या ढिगासमोर थांबली. एका देठाला लाल दोरा होता. तिने ढीग उपसायला सुरुवात केली. दुसरा दोरा, तिसरा. कॅन्टीनवाला बन्सीलाल ओरडला, "ओ ताई, डेकोरेशन खराब करू नका!" ती ऐकत नव्हती. बारा दोरे पुरे झाले तेव्हा ती उभी राहिली.

तोवर वड्या वाटून झाल्या होत्या. बन्सीलालने अळूवड्या असतात तशाच केल्या होत्या, चिंच नावालाच. आधी अध्यक्षीणबाई खाकरल्या, मग त्यांच्या शेजारचे, मग तिसरे. बाईंचे डोळे पाण्याने भरले. ललित सरांनी स्वतः वडी खाल्ली नव्हती, त्यामुळे त्यांना बोलणं शक्य होतं. "रानातलं आहे ना मॅडम, जंगली. या लोकांना सवय असते," ते म्हणाले.

झुलाल आत धावला आणि चिंचेचा कोळ पाण्यात कालवून घेऊन आला. घोट घेतल्यावर बाईंना जरा बरं वाटलं. समोर पानं घेऊन उभी असलेली मुलगी त्यांना दिसली.

"तुझा प्रोजेक्ट कशावर आहे गं?"

"यावरच, मॅडम. तुमचा घसा का खाजतोय त्यावर."

ललित सर जोरात खोकले.

"मग दाखव की."

"गेल्या वर्षीचे आकडे आहेत. यंदाची झाडं कापली गेली. काम आजपासून थांबलं."

"अरेरे," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं, पण घसाही खाजत होता आणि गाडी उभी होती. "मग पुढच्या वर्षी पाहू हं. एका वर्षावर नाही पाठवता येत." समिती जेवणाआधीच निघाली. जाताना शेऱ्याच्या वहीत लिहून गेली, 'संस्कृती आणि विज्ञान यांचा उत्तम मेळ'. ललित सरांनी त्याचा फोटो काढून लगेच सगळ्यांना पाठवला. पुढच्या वर्षी रूपा या कॉलेजात नसणार होती, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दुपारी प्रयोगशाळेत दोघंच होती. रूपाने बारा पानं धुऊन, कापून, बारा बीकरमध्ये उकळायला ठेवली. झुलालने ब्युरेट विसळून भरून दिली. सहा वाचनं झाली. सातव्याला म्हणाली,

"नाना, जागा कोनी सांगी?"

जीपवाल्याचं नाव घेता आलं असतं. सरांचं घेतलं असतं तर तिने विश्वासही ठेवला असता.

"मी सांगी."

थेंब पडत राहिले. तिने तोटी बंद केली.

"तुम्हले माहीत व्हतं ना, सनना पहिले कोनी हात लावत नही?"

"माहीत व्हतं."

"मंग?"

"सायेबनी माले इचारं, बेटा. एकतीस वरीसमा पहिल्यांदा." त्याने बर्नर बारीक केला. "ते हासनात. मी बी हासनू त्यासना संगे."

रूपाने त्याच्याकडे पाहिलं. राग असता तर झुलालने तो सोसला असता. तिच्या डोळ्यांत जे होतं ते त्याने चांगलं ओळखलं, कारण त्याच नजरेने तो आयुष्यभर दुसऱ्यांकडे पाहत आला होता.

"मी गावले सबद देयेल व्हता, नाना," ती हळूच म्हणाली. "आते मी कोनता तोंडवरी जासू?"

ललित सरांचा त्याने मनात हजारदा पाणउतारा केला होता, पण सरांना बिचाऱ्यांना काही ठाऊक तरी नव्हतं. सगळं ठाऊक असून हसणारा माणूस या खोलीत एकच होता.

बारावं वाचन झालं. यंदाचा हा शेवटचा आकडा मोठा होता, गेल्या वर्षी याच दिवसांत होता तसाच. म्हणजे ती बरोबर होती. तिने आकडा लिहिला. पुढच्या आठ आठवड्यांचे रकाने आखून ठेवलेले होते. त्यांवर तिने पट्टी धरून एक सरळ रेघ मारली. मग शेजारच्या कारणाच्या जागी पेन टेकवून थांबली.

"लिखू का?"

कारण कोरं राहिलं असतं तरी चाललं असतं. 'जनावरांनी खाल्ली' असं लिहिलं असतं तरी कोणी विचारलं नसतं.

"लिख," झुलाल म्हणाला.

तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'झाडे मुळापासून कापली गेली. जागा दाखवणारे : श्री. झुलाल बागुल, प्रयोगशाळा परिचर.' मग वही त्याच्याकडे सरकवली. पंख्याच्या वाऱ्याने पानं फडफडली आणि पहिलं पान क्षणभर दिसलं. 'मार्गदर्शक' या शब्दापुढचं नाव तिने खोडलं नव्हतं, त्याच्यावर रेघही मारली नव्हती.

झुलालने हात रुमालाला पुसले, चष्मा लावला आणि रोजच्या जागी, रोजच्यासारखी सही केली. खाली तारीख घातली. मग तो ब्युरेट विसळायला गेला, आधी पाण्याने.