ताईची तहान

माझी ताई इस्त्रीच्या फवाऱ्याची बाटली उघडून त्यातलं पाणी गटागटा प्यायली, आणि लाँड्रीतल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं की हिचं डोकं परत फिरलं. सुपरवायझर बाईंनी आईला फोन केला. "घेऊन जा हिला. आणि परत पाठवाल तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी पाठवा, ठीक आहे म्हणून."

तहान लागली असेल, असं एकाच्याही मनात आलं नाही. बाकीच्या बायकांना तहान लागली की ती तहान असते. माझ्या ताईला लागली की ते लक्षण असतं.

थांबा, नीट सांगतो. रागात मी उलटसुलट बोलतो.

ताई माझ्याहून बरीच मोठी. काही वर्षांपूर्वी ती आजारी पडली. भिंतीपलीकडचे लोक आपला श्वास मोजतायत असं तिला वाटायचं. मग ती श्वास रोखून बसायची, तोंड लाल होईपर्यंत. मानसोपचाराच्या दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या आणि भिंतीपलीकडचे लोक गेले. गोळ्यांनीच गेले. गोळ्यांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. त्यांच्यामुळे ताई परत मिळाली, लाँड्रीत कामाला लागली. डबल बेडच्या चादरीची घडी ती एकटी अशी घालते की सुपरवायझर बाई नव्या पोरींना तिच्याकडे बघायला उभं करायच्या.

फक्त ती फुगत गेली. भूक भागायचीच नाही. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "अंगाला लागतंय म्हणा की." आई हसली. ताई हसली नाही, ती ब्लाऊज उसवून उसवून वैतागली होती.

आईला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत शिकवून ठेवलेलं, कशावर नजर ठेवायची ते. झोप उडणं, रात्री उठणं, चिडचिड, विचित्र वागणं. यातलं काही दिसलं की लगेच यायचं. आईने ते असं मनावर घेतलं की विचारू नका. ताई जांभई कशी देते तेसुद्धा तिला पाठ.

मग ताई रात्री उठायला लागली. उठायची, पाणी प्यायची, बाथरूमला जायची, आली की परत पाणी. दिवसभर गळून गेलेली. काही विचारलं की अंगावर यायची. आईने मला बाजूला ओढलं. "मागच्या वेळी असंच सुरू झालं होतं रे बारक्या," ती म्हणाली. खरंच तसंच सुरू झालं होतं. म्हणून मी आईला दोष देत नाही.

आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. बाहेर रांग जिन्यापर्यंत, आत टेबलावर फायलींचा डोंगर. डॉक्टर आईशी अहो-जाहो करतात आणि ताईशी अगं-तुगं, जणू ती शाळेतून आलीय. "काय, कशी आहेस?" हे विचारलं ताईला आणि उत्तरासाठी मान वळवली आईकडे.

"रात्री उठते हो," आई म्हणाली. "पाणी पीत बसते. चिडते."

"आवाज येतात?"

"नाही," ताई म्हणाली. "तहान लागते."

"संशय वगैरे?" हे परत आईला.

"मला तहान लागते," ताई म्हणाली. "आणि लघवीला सारखं जावं लागतं."

"एवढं पाणी प्यायल्यावर जावं लागणारच. या आजारात काहींना पाण्याची सवय लागते. मोजून द्या. रात्रीची गोळी वाढवतो."

संपलं. पुढचा पेशंट.

त्या दिवसापासून आई पाणी मोजून द्यायला लागली. सकाळी एक बाटली भरून हातात द्यायची, दुपारी एक. माठावर झाकण आणि झाकणावर आईचा डोळा. स्वतःच्या लेकीला पाणी नाही म्हणताना तिचा जीव तुटायचा, पण डॉक्टरांनी सांगितलंय. ताई गयावया करायची, मग भांडायची. आणि भांडली की आई माझ्याकडे बघायची, बघ, चिडचिड.

लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहायचं. घरून दिलेली बाटली पहिल्या तासातच संपलेली. पाण्याचा कूलर खालच्या मजल्यावर, आणि सारखी खाली जाते म्हणून तिला आधीच बोलणी बसलेली. समोर फवाऱ्याची बाटली होती. तुम्ही काय केलं असतं?

"लाज वाटली का गं?" घरी आल्यावर मी विचारलं.

"वेडा आहेस का?" ताई म्हणाली. "गार होतं रे ते. काय गार होतं."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी लिफ्ट दुरुस्त करतो. कुठे शिकलो नाही, लोकांच्या हाताखाली बघून बघून शिकलो. लिफ्ट अडकली तर आधी उघडून बघतो. 'ही लिफ्ट आधीपासूनच तसली आहे' असं म्हणून परत फिरलो तर लोक चपलेने मारतील. माझ्या ताईला मात्र कुणी उघडूनच बघत नव्हतं. मी मोबाइलवर गोळीचं नाव टाकलं, पुढे तहान टाकलं. पहिल्याच ओळीत रक्तातली साखर.

घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे तिला घेऊन गेलो. म्हटलं, रक्त तपासा.

"औषध काय चालू आहे?" मी पाकीट दाखवलं. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "हे आपल्याकडे नाही. तुमच्या त्या डॉक्टरांना विचारा."

"खोकला असता तर बघितलं असतं ना?"

"खोकल्याची गोष्ट वेगळी."

बाहेर येऊन मानसोपचाराच्या दवाखान्यात फोन लावला. रिसेप्शनवरची म्हणाली, "शुगर-बिगर आम्ही बघत नाही. फॅमिली डॉक्टरांना दाखवा."

म्हणजे गळ्याच्या वर एकाची हद्द, खाली दुसऱ्याची. आणि तहान नेमकी गळ्यात.

"चल घरी," ताई म्हणाली. "दमले मी."

घरी आई खूश होती, कारण ताईचे कपडे सैल व्हायला लागलेले. "पाणी कमी केल्यावर उतरली बघ," म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला ओकाऱ्या सुरू झाल्या. श्वास जोरजोरात, बोलणं जड. आई म्हणाली, "गोळी वाढवलीय ना, गुंगी असेल." मी म्हटलं, आता बास. ताईला धरून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नेलं. तिथे बोटाला सुई टोचून साखर बघतात. दुकानातल्या बाईंनी पट्टीवर थेंब घेतला, मशीनकडे बघितलं, दुसरं बोट पुसलं आणि परत टोचलं.

"किती?" मी विचारलं.

"पाचशेच्या वर. माझ्याशी बोलत थांबू नका. मोठ्या हॉस्पिटलात न्या, आत्ता."

एवढंच होतं ते. एक सुई, एक पट्टी. चार वर्षांत एवढंच कुणाला जमलं नाही.

हॉस्पिटलच्या दारातल्या माणसाने विचारलं, काय होतंय, कुठली औषधं. मी सांगितली. त्याने हात लांब केला. "मानसिकचा विभाग मागच्या इमारतीत."

"शुगर पाचशेच्या वर आहे," मी म्हटलं. "ती पण मागच्या इमारतीत बघतात का?"

मग मात्र पळापळ झाली. सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं. ड्युटीवरची डॉक्टर माझ्याच वयाची असेल. तिने आईला बाजूला घेऊन सांगितलं की साखर फार वाढल्याने रक्तात आम्ल साठलंय, उशीर केला असता तर हातची गेली असती. "या गोळ्यांनी वजन, साखर, चरबी वाढू शकते. सुरू करतानाच वजन, कंबर, बीपी, रक्त बघायचं. मग ठरावीक महिन्यांनी परत परत. शेवटचं रक्त कधी तपासलं होतं?"

"झोप विचारायचे," आई म्हणाली. "दर वेळी विचारायचे." मग तिने पदर तोंडाला लावला. ती पाणी मोजत होती, हे तिने डॉक्टरला सांगितलंच नाही. मीही नाही सांगितलं.

ताई वाचली. दोन-चार दिवसांनी उठून बसली. आई तिच्या पायाशी बसून म्हणाली, "फेकून देऊ त्या सगळ्या गोळ्या. नकोच."

"नाही," ताई म्हणाली.

"अगं, जीवावर बेतलं होतं."

"आणि भिंतीपलीकडची माणसं परत आली तर? श्वास मी रोखायचा की तू? गोळ्या बंद करायच्या नाहीत आई."

"मग काय करायचं?"

"दोन्ही बघायचं. मला डोकं पण पाहिजे, आणि त्याच्या खालचं पण पाहिजे. एका बाईला एवढं मागता येतं ना?"

सुट्टी मिळाल्यावर आम्ही परत त्या मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे गेलो. हॉस्पिटलचे कागद त्यांनी वाचले, चष्मा काढला. "अरेरे. हे आधी कळायला हवं होतं."

"कुणाकडून?" ताईने विचारलं.

"हे बघ, बाहेर किती पेशंट आहेत बघतेस ना. एकेकाचं वजन, रक्त..."

"नियम आहे हे तुम्हाला माहीत होतं का?"

त्यांनी चष्मा परत लावला. "माहीत सगळ्यांनाच असतं," म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माहीत नसतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. माहीत होतं आणि बघितलं नाही, कारण समोर जी बसते ती काय, बोलतच असते. मी तोंड उघडणार, तर ताईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तहान लागते म्हणून मी इथे दोनदा सांगितलं," ती म्हणाली. आवाज चढला होता. "तुम्ही गोळी वाढवली. पाणी मोजायला लावलं. मी मेले असते तर काय लिहिलं असतं, आजार वाढला?"

डॉक्टरांनी आईकडे मान वळवली. सवयच ती. "चिडचिड कधीपासून वाढलीय?"

आई हातातल्या पिशवीचा बंद पिळत होती. "मला काय विचारताय," ती म्हणाली. "ती बसलीय ना समोर."

"आजपासून," ताई म्हणाली. "लिहा. कारण पण लिहा."

मग त्यांनी वाढवलेली गोळी कमी केली, साखर कमी चढवणारी दुसरी हळूहळू सुरू करू म्हणाले, खाली तपासण्या लिहिल्या. ताईने कागद आपल्याकडे वळवून सगळं वाचलं. "पुढच्या रक्ताची तारीख?" ती म्हणाली. त्यांनी तारीख टाकली. माफी मागितली नाही. "काळजी घ्या" म्हणाले, एवढंच. ताईला, पहिल्यांदाच "घ्या".

बाहेर रांग तशीच जिन्यापर्यंत. पहिल्या बाकावर एक जाडजूड माणूस आणि त्याची बायको. त्याच्या मांडीवर पाण्याची मोठी बाटली, अर्धी रिकामी. आई चालता चालता थांबली.

"तुमचं रक्त कधी तपासलंय का हो?" तिने विचारलं.

त्याने आधी बायकोकडे बघितलं.

"त्यांच्याकडे नका बघू," आई त्याच्या शेजारी टेकत म्हणाली. "तुम्ही सांगा."