खुशालरावांचा सडपातळ चाकू

"खिशात चाकू हाय का नाई, हे मांडीलेबी कळनार नाई, असा सडपातळ करून आनतो याले," असं खुशालरावांनी वलगावच्या चहाटपरीवर जाहीर केलं. कोणी विचारलं नव्हतं.

चाकू कलमाचा, घडीचा. खुशालराव संत्र्याचे डोळे भरायचे. म्हणजे जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर द्यायची, साल उचलायची, आत संत्र्याचा डोळा, कोंबाचं टोक वर ठेवून, सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. अचलपूरकडच्या रोपवाटिकेत आख्खी थंडी याच कामावर निघायची. पण चाकूची मूठ वांग्यासारखी जाड, आणि तिच्या बुडाला पितळेची चपटी जीभ बाहेर आलेली. एसटीत बसलं की ती जांघेत रुते. खिसे फाटत, बायको माणिकबाई शिवे. बाकीचे कलमवाले चाकू पिशवीत ठेवत. पण खुशालरावांनी मोबाईलवर कोण्या गोऱ्या माणसाला खिशाला पेनासारखा चाकू अडकवताना पाहिलं, तेव्हापासून त्यांना पिशवीची लाज वाटायला लागली.

गोपाल वेल्डिंगवाल्यानं मुठीला ग्राइंडर लावला. एक बाजू जरा जास्त गेली, म्हणून दुसरीही घासली. मग पहिली जाड दिसायला लागली. असं करता करता मूठ कुल्फीच्या काडीएवढी उरली. त्यावर पेनची क्लिप बसवून झाली, तेव्हा गोपालनं विचारलं, "हे पितळी काय हाय?"

"तेच तं टोचते. उडव."

साल त्या जिभेनंच उचलायची. पण इतकी वर्षं ते हातच करत आले होते, डोक्याला कधी विचारायची वेळ आली नव्हती.

एसटीत चाकू खरंच टोचला नाही. खुशालराव खात्री करायला दोनदा उठून बसले.

मालक ओमप्रकाशजींना यंदा माणसं कमीच ठेवायची होती. पहिल्या वाफ्यावर हात पाहायचा आणि मग ठरवायचं, असं त्यांनी सगळ्यांना आधीच सांगितलं, आणि ते नेमके खुशालरावांच्या मागे येऊन उभे राहिले. खुशालरावांनी झोकात चीर दिली, सवयीनं चाकू उलटा केला आणि साल उचलायला गेले. उचलायला काहीच नव्हतं. मग क्लिपनं करून पाहिलं. साल फाटली. तिकिटाच्या घडीनं करून पाहिलं. तिकीट फाटलं.

शेजारच्या वाफ्यात नत्थुजी होते. कलमवाला आपला चाकू दुसऱ्याच्या हाती देत नाही, धार बिघडते म्हणतात. तरी खुशालरावांनी मागितला.

"खुशालभाऊ, दात घासाचा बुरूश मांग, देतो," नत्थुजी मान वर न करता म्हणाले. "चाकू नोको मांगू."

मग खुशालरावांनी डोळा ओठात धरला आणि दोन्ही अंगठ्यांच्या नखांनी साल सोलायला लागले. नख तुटलं, रक्त आलं. डोळा वाळायच्या आत चिरेत दाबायचा आणि पटकन पट्टी गुंडाळायची, की दुसरा ओठात. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांचे वाफे संपले, यांची अर्धी ओळ झाली.

ओमप्रकाशजी वाईट बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. "हे जगले तं पुढचे वाफे तुमचेच, खुशालराव. तवरक पिशव्या भरा."

माती-शेणखताच्या पिशव्या भरणं हे ज्याला चाकू धरता येत नाही त्याचं काम. खुशालराव ते करत राहिले. रात्री फोनवर माणिकबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "घासला काहून जी? खिसे तं मी शिवूनच राहिली होती."

रोज कामावर जाताना ते आपल्या अर्ध्या ओळीला चक्कर मारत. एकही रोप वाळलं नव्हतं. पट्ट्या सोडायच्या दिवशी ते अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. ओमप्रकाशजींनी स्वतः बसून एकेक पट्टी सोडली.

डोळे सगळे हिरवे होते. सगळे उलटे बसवलेले होते.