कानावरची खाच

ग्लेनफर्नच्या लोहाराच्या दारावर तो सरकारी कागद चिकटला, तेव्हा लोकर कातरायची धांदल चालू होती. दुपारपर्यंत कुणी तो वाचायला थांबलं नाही. कागद एक आणि कायदे दोन. वरच्या अर्ध्यात लिहिलं होतं, की यापुढे ज्याचं नाव सरकारी नोंदवहीत असेल, त्यालाच वसाहतीत डॉक्टर म्हणवून घेता येईल. खालच्या अर्ध्यात मेंढरांची खरूज. कळपात ती सापडली, तर इन्स्पेक्टर सांगेल त्या दिवशी मालकाने स्वतः उभं राहून सगळा कळप औषधात बुडवायचा आणि पुढे तीन महिने एकही जनावर कुंपणाबाहेर न्यायचं नाही.

"डॉक्टर आणि मेंढरं एकाच कागदावर," डूगल लोहार म्हणाला. "सरकारकडे कागदाची टंचाई दिसते."

"मेंढरांचं बरं आहे बाबा," इशबेल गॅरिओक म्हणाली. "कुठे शिकलीस म्हणून त्यांना कुणी विचारत नाही."

सगळे हसले. इशबेल हसली नाही.

वीस वर्षांपूर्वी ऑर्क्नीच्या बेटांवरून ती नवऱ्याबरोबर जहाजाने इथे आली, तेव्हा ग्लेनफर्नमध्ये तंबू होते आणि गुडघाभर पिवळं गवत होतं. त्यानंतर वस्तीत जे जे मूल जन्मलं, ते तिच्या हातात जन्मलं. मोडलेली हाडं तिने बसवली, ताप तिने उतरवले. त्याबद्दल तिने कधी काही घेतलं नाही. उलट कोकरं आईच्या दुधापासून तुटली, की प्रत्येक नव्या बाळाच्या नावाने ती एक मादी कोकरू द्यायची. देण्याआधी त्याच्या डाव्या कानाला पाकोळी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटासारखी खाच पाडायची. तिच्या वारलेल्या नवऱ्याची ती खूण. मुलं त्या मेंढीला "मावशीची मेंढी" म्हणत, कारण इशबेल साऱ्या वस्तीची मावशी होती.

मग डॉक्टर पेल आले. एडिनबरोला शिकलेले, अठ्ठावीस वर्षांचे, हात पांढरे, आवाज मऊ. त्यांचं नाव नोंदवहीत होतं. इशबेलच्या कुंपणालगतचं रिकामं घर त्यांनी घेतलं. लोकांजवळ रोकड कुठली? त्यांनी डॉक्टरांना मेंढ्या दिल्या.

पहिली मेंढी आली, ती इशबेलने कुंपणाजवळ कपडे वाळत घालताना पाहिली. मेंढीने मान वळवली आणि डाव्या कानावरची खाच दिसली. इशबेलच्या हातातली चादर चिखलात पडली.

"एल्स्पेथ," तिने शेजारणीला रस्त्यातच गाठलं, "ती तुझ्या जेमीची मेंढी ना गं?"

"हो मावशी. त्याचा कान फुटला होता ना, डॉक्टरांनी थेंब घातले."

"कानात मीही घातलं असतं काहीतरी."

"तू कोमट तेल घातलं असतंस." एल्स्पेथ हसली, पण नजर चुकवून. "रागावू नकोस. घरात तेवढीच एक जास्तीची होती."

म्हणजे तिने दिलेली, तीच जास्तीची. उन्हाळा लागेपर्यंत डॉक्टरांच्या कुंपणात सात मेंढ्या झाल्या आणि त्यांतल्या चारांच्या कानाला तिची खाच होती. इशबेल रोज सकाळी त्यांच्याकडे बघत उभी राहायची. कुठली कुणाची, कुठल्या बाळंतपणाची, तिला सगळं पाठ होतं. काळ्या तोंडाची मॅक्रेंच्या जुळ्यांची. लंगडी होती ती डूगलच्या धाकटीची, जिला तिने दोन रात्री उशाशी बसून वाचवलं होतं. बघून बघून तिचा जीव जळायचा आणि तरी पाय तिथून निघायचे नाहीत.

तरीही एक आशा होती. तिच्या बहिणीची मुलगी मोराग पोटुशी होती. बहीण गेल्यावर इशबेलनेच तिला वाढवलं होतं. मोरागच्या बाळंतपणाला आपल्यालाच बोलावणं येणार, याबद्दल तिला शंका नव्हती. बाळंतविडा शिवून तयार होता.

एका रविवारी प्रार्थनेनंतर मोरागचा नवरा टॅविश टोपी हातात फिरवत म्हणाला, "मावशी, आम्ही डॉक्टरांना सांगून ठेवलंय. पहिलंच आहे ना... जोखीम नको."

"तुझी बायको माझ्या हातात जन्मली, टॅविश."

"माहितीये की. म्हणून तर तुलाही बोलावणारच आहोत. चहापाणी बघायला."

मोराग पलीकडे तोंड करून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इशबेलला डॉक्टरांची काळ्या तोंडाची मेंढी खांबाला अंग घासताना दिसली. खांबावर लोकरीचे पुंजके लोंबत होते. इशबेलने कुंपणातून हात घालून तिची पाठ खाजवली. मेंढी ओठ हलवत, हवेतच काहीतरी चघळल्यासारखं करू लागली. हे कुठल्याही धनगराला कळतं. खरूज होती. डॉक्टरांना मात्र त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला हाक मारून सांगता आलं असतं. चार दिवसांत गुपचूप औषध लावून मेंढ्या बऱ्या झाल्या असत्या.

तिने हाक मारली नाही. गुरुवारी इन्स्पेक्टर हॅडो घोड्यावरून आले, तेव्हा ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "साहेब, आधी डॉक्टरांचं कुंपण बघा."

हॅडोंनी पाहिलं. मग एकेका मेंढीचा कान धरून पाहिला.

"ही पाकोळीची खाच कुणाची?"

इशबेल दोन पावलं पुढे आली. "माझी. पण त्या मी केव्हाच देऊन टाकल्यात."

"दिल्यात तर मग खाच का राहिली?" हॅडो घोड्यावर बसत म्हणाले. "चला, तुमचा कळप दाखवा."

तिच्या कळपात दोन म्हाताऱ्या मेंढ्यांना खरूज निघाली. चांगली महिनाभराची. शेजारच्या कुंपणाकडे बघण्याच्या नादात तिने आपल्या जनावरांच्या पाठीवर हातच फिरवला नव्हता. कुणाकडून कुणाला लागली, ते हॅडोंनी विचारलं नाही. दोघांनी सोमवारी एकाच हौदावर कळप बुडवायचे, एवढं सांगून ते गेले. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं होतं, की चुगली कुणी केली.

सोमवारी हौदाजवळच्या मोठ्या कढयांत तंबाखू आणि गंधक उकळत होतं. वास नाकात जाऊन बसत होता. इशबेलने खांद्यापर्यंत हातांना चरबी चोपडली आणि वरून जुने मोजे चढवले. डॉक्टर पेल अस्तन्या सारून उघड्या हातांनी आले. मनगटावर तारेचा ताजा ओरखडा होता.

"मावशी, मी यात अगदीच नवखा आहे," ते म्हणाले. "चुकलो तर सांगाल ना?"

"पाय धरा आणि बुडवा," ती म्हणाली. चरबीचा डबा तिच्या पायाशीच होता.

दहाव्या मेंढीपर्यंत डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. पंधराव्याला ते हौदाच्या काठाला धरून थरथरत होते. मग ते कुंपणामागे जाऊन ओकायला लागले. उघड्या कातडीतून तंबाखू अंगात भिनली, की काय होतं ते इशबेलने पूर्वी पाहिलं होतं. पहिल्या मेंढीलाच तिला हे ठाऊक होतं.

तेवढ्यात टॅविश घोडा फेकत आला. "डॉक्टर! डॉक्टर कुठायत? मोरागला कळा सुरू झाल्या!"

डॉक्टर उठायला गेले आणि गवतात कोसळले. टॅविशने त्यांच्याकडे पाहिलं, मग हौदाकडे, मग इशबेलच्या मोजे चढवलेल्या हातांकडे.

"मावशी," तो घसा खाकरून म्हणाला, "आता तूच चल."

तिने डॉक्टरांचे हात साबणाने खसखसून धुतले, त्यांना सावलीत आडवं केलं आणि डूगलच्या बायकोला दाट गोड चहा पाजायला सांगितलं. मग स्वतःचे हात तीन पाण्यांनी धुतले आणि टॅविशच्या मागे घोड्यावर बसली. वाटभर तिच्या मनात एकच होतं. बोलावणं आलं. कसंही असो, आलं.

बाळंतपण अवघड नव्हतं. कळ आली की मोराग तिचा हात लहानपणी धरायची तस्साच घट्ट धरायची. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. इशबेलने तिला पुसून, गुंडाळून आईच्या कुशीत ठेवलं. आता मोराग काहीतरी बोलेल म्हणून ती वाट बघत उभी राहिली.

"मावशी," मोराग हळूच म्हणाली, "डॉक्टर बरे आहेत ना?"

शरद सरत आला तेव्हा बंदी उठली. कळपातलं सगळ्यांत गुबगुबीत कोकरू निवडून इशबेल मोरागच्या दारात गेली. कातर एप्रनच्या खिशात होती. ही खाच ती नेहमी बाळाच्या घरच्यांसमोरच पाडायची.

मोराग मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली. कोकराच्या डोक्यावरून तिने हात फिरवला. इशबेलने खिशात हात घातला.

"मावशी, कान कातरू नकोस."

"अगं, दरवेळी..."

"दरवेळी तू देतेस आणि दरवेळी ती तुझीच राहते. एल्स्पेथने मेंढी कुणाला दिली, डूगलने कुणाला दिली, तू मोजत बसतेस. त्यापायी त्या बिचाऱ्या माणसाला मरणाच्या दारात नेऊन ठेवलंस." मोरागचा आवाज चढला नव्हता. "द्यायची तर दे. खूण टॅविश घालेल, आमची."

"आणि उद्या तुम्ही ती डॉक्टरांना दिलीत तर?"

"दिली तर दिली."

दोरी धरूनच इशबेलने कोकराच्या कानावर बोट फिरवलं. कान मऊ होता, उन्हात आतून गुलाबी दिसत होता. मुलगी हात पुढे करून त्याला पकडू बघत होती. शेवटी तिने दोरी मोरागच्या हातात दिली आणि आत चहालासुद्धा न थांबता परत फिरली.

त्यानंतरही ती सकाळी कुंपणापाशी उभी राहायची. सवय जाते कुठे? डॉक्टर तिला हात करायचे, कधी एखादी मेंढी दाखवायला बोलवायचे. पुढच्या वसंतात त्यांच्याकडे आणखी दोन मेंढ्या आल्या. दोघींच्या कानांना कुणाकुणाच्या खुणा होत्या, तिची नव्हती. त्यांतली एखादी मोरागकडची असेल का, हे ओळखायला तिने खूप डोळे ताणले. टॅविशची खूण कशी असते, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.