डाव्या बाजूचे पेडल

त्या शहरात नुसते ‘सायकलवरची बाई’ असे म्हटले, तरी एकतीस वर्षे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच मूर्ती उभी राहत असे: खांद्यावरून आडवी घेतलेली टपालाची पिशवी, केसांवर घट्ट बांधलेला रुमाल आणि चढावरही सीटवरून न उठणारी ताठ पाठ. या बाईंना लहानथोर सारेच टपालमावशी म्हणत. निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षे झाली होती, तरी सकाळी सायकल काढून त्या जुन्या गल्ल्यांतून एक फेरी मारीतच. कामगार, विद्यार्थी, दूधवाले असे पुरुष शेकड्यांनी सायकलींवरून जात. बाई मात्र एकच. खिडक्यांतून स्त्रिया वळून पाहत, आणि त्या पाहण्याने मावशींच्या अंतःकरणात जी एक शांत ऊब पसरे, तिला त्यांनी कधी नाव दिले नव्हते.

त्या उबेला पहिला गारठा लागला तो एका सोमवारी, धुण्याच्या टोपलीपाशी. सुनेच्या विजारीच्या उजव्या पायावर काळ्या तेलाची अर्धवर्तुळाकार नक्षी उमटली होती. सायकलच्या दातेरी चक्राचा हा डाग मावशींनी आयुष्यभर स्वतःच्या कपड्यांवरून घासून काढला होता. तो ओळखायला त्यांना चष्म्याची गरज नव्हती.

“हे काय गं?”

सून दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी ठेवण्याचे काम करी. ती डबा भरत होती. तिचा हात थांबला.

“सायकलच्या वर्गाला जाते, आई. चार रविवार झाले.”

“आणि मला सांगायचीस, बाजारात जाते म्हणून.”

“बाजारात पण जाते की. येताना.”

मुलगा बुटांच्या नाड्या बांधता बांधता हसला. “चला! आता घरात वाहतूक पोलीसच ठेवावा लागणार.”

“तू गप्प बस. कोण शिकवतं गं तिथे?”

“चौकातल्या औषधाच्या दुकानातल्या ताई.”

“ती? ती जाड भिंगाची? अगं, ती स्वतः सायकलवर बसून तीन वर्षं नाही झाली!”

“म्हणूनच चांगलं शिकवतात,” सून हळूच म्हणाली. तिने डब्याचे झाकण लावले आणि दोघेही कामावर निघून गेली.

मावशी तो डाग चोळीत बसल्या. सहा वर्षांपूर्वी, सून नवी असताना, त्यांनी स्वतः तिला शिकवायला घेतले होते. सीट मागून धरून त्या धावत आणि ओरडत, “पुढे बघ! खाली काय सोनं सांडलंय?” चौथ्या दिवशी त्यांनी हात सोडला आणि सून बागेच्या कुंपणात जाऊन पडली. गुडघा फुटला. त्यानंतर तिने सायकलचे नाव काढले नाही. “आमच्या सुनेला तोलच नाही हो,” असे मावशी चारचौघींत सांगत. त्या सांगण्यात खेद होता हे खरे. पण खोल तळाशी किंचित गोडवाही होता, आणि तो मात्र त्यांनी स्वतःपासूनही लपवला होता.

शास्त्रकारांनी षड्रिपूंच्या गणनेत मत्सराला अखेरचे स्थान दिले, ते बहुधा तो सर्वांत उशिरा ओळखू येतो म्हणून. काम आणि क्रोध दार ठोठावून येतात. मत्सर घरातलाच एखादा माणूस असल्यासारखा आधीपासून बसलेला असतो. आठवडाभर मावशी मनाशी म्हणत राहिल्या की आपल्याला सुनेची काळजी वाटते, एवढेच. रविवारी सकाळी सून बाहेर पडल्यावर पाव तासाने त्यांनी आपली सायकल काढली.

घाऊक बाजारामागे ट्रक उभे करण्याचे फरसबंद पटांगण होते. रविवारी ते मोकळे असे. तिथे वीसेक बायका जमल्या होत्या: एक शिक्षिका, दोन परिचारिका, एक शिंपीणबाई, साठीला टेकलेली एक आजी. त्यांच्या सायकलींना पेडलच नव्हते. सीट अगदी खाली उतरवलेली, आणि साऱ्याजणी जमिनीला पाय रेटत, मधूनच पाय उचलून तरंगत, हसत खिदळत पुढे सरकत होत्या. औषधवाली एका बाजूला उभी होती. ती कोणाची सीट धरीत नव्हती, कोणावर ओरडत नव्हती. मावशींना सर्वांत जास्त झोंबले ते हेच.

“सायकली आहेत की पांगुळगाडे?” त्या कडेला उभ्या असलेल्या आजींना म्हणाल्या.

“पांगुळगाडाच म्हणा,” आजी हसल्या. “पण चार रविवारांत मी एकदासुद्धा पडले नाही. तुम्ही शिकताना किती वेळा पडलात?”

इतक्यात औषधवालीने त्यांना ओळखले. ती जवळजवळ धावतच आली.

“मावशी! तुम्ही! अहो, लहानपणी तुमची घंटी ऐकली की मी खिडकीत पळायचे.”

“पत्रासाठी?”

“छे! आम्हाला कोण पत्र पाठवणार? तुम्हाला बघायला!” ती साऱ्याजणींकडे वळली. “अगं, या आपल्या टपालमावशी! या शहरातल्या पहिल्या!” मग भाबड्या आदराने तिने विचारले, “मावशी, एकतीस वर्षांत किती जणींना शिकवलंत हो?”

प्रश्नात तिरकेपणा तसूभरही नव्हता. म्हणूनच तो सरळ आत शिरला. पाठ केलेल्या पत्त्यांप्रमाणे मावशींनी मनात एकेक गल्ली उलगडून पाहिली. एकही नाव सापडले नाही.

“मला कामं होती,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी पेडल परत बसवायचे होते, आणि ज्यांना जमेल त्यांनी पटांगणातून रस्त्यावर, नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचे होते. “खिडकीतल्या बायकांनी आपल्याला पाहिलं पाहिजे,” औषधवाली सांगत होती. “एक दिसली तर म्हणतात, ती निराळीच आहे. वीस दिसल्या तर म्हणतात, मग मी का नाही?”

त्यातली निराळी कोण, हे मावशींना कोणी सांगायला नको होते.

काढलेले आणि जादा असे सारे पेडल एकाच बादलीत होते. औषधवालीने पाना पुढे केला. “मावशी, चार सायकली तुम्ही घेता?”

“तुमचं चालू द्या. मी बघते.”

आणि त्यांनी पाहिले. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सरळ आट्यांचे असते तर ते चालवता चालवता सैल होऊन गळून पडले असते. म्हणून प्रत्येक पेडलवर बाजूची खूण कोरलेली असते. जुन्या पेडलांवरच्या खुणा मात्र झिजतात. औषधवालीने सुनेच्या सायकलला उजवे पेडल नीट बसवले, बादलीतून दुसरे उचलले आणि डाव्या दांड्याला लावले. तेही उजवेच होते. ते दोन फेरे कसेबसे गेले आणि अडले. तिने एकदा ओझरते मावशींकडे पाहिले, मग पान्यावर जोर देऊन ते आणखी रेटले. लोखंडाने लोखंड खरवडल्याचा बारीक आवाज आला. तो तिथे फक्त एकीलाच कळला.

‘थांब’ एवढेच म्हणायचे होते. मावशींच्या ओठांवर तो शब्द आलाही. पण त्याआधी दुसरा एक विचार येऊन बसला होता. होऊ दे सैल. इथे पटांगणातच होईल, फार तर कोपर खरचटेल. मग या साऱ्याजणींना कळेल, शिकवणं कशाला म्हणतात. आणि सून म्हणेल, आई, तुम्हीच शिकवायला हवं होतं.

सुनेला सायकल यावी, यासाठी नव्हे, तर ती आपल्याच हातून यावी, यासाठी मावशी तिथे आल्या होत्या. आता हे त्यांना पुरते कळले होते, आणि तरीही त्या गप्प राहिल्या.

सून सीटवर बसली. तिने एक पाय ठेवला, मग दुसरा. सायकल किंचित डुलली आणि निघाली. पहिली फेरी, दुसरी फेरी. वाऱ्याने तिच्या ओढणीचे टोक मागे उडत होते. सहा वर्षांत मावशींनी तो चेहरा असा उजळलेला पाहिला नव्हता.

“ताई!” ती ओरडली. “ताई, बघा! ताई!”

मावशी तिच्यापासून दहा पावलांवर उभ्या होत्या.

तिसऱ्या फेरीला डावे पेडल तिरपे झाल्याचे त्यांना स्पष्ट दिसले. अजून एक फेरी, फार तर दोन, असा त्यांचा हिशेब होता. पण त्याच क्षणी औषधवालीने हात उंचावला. “छान! पहिल्या पाचजणी, चला, रस्त्यावर!” आणि फाटक उघडले.

फाटकाबाहेर पुलाकडे जाणारा उतार होता, आणि उतारावरून बसगाड्या येत.

मावशींनी आपली सायकल तशीच आडवी टाकली आणि त्या धावल्या. त्रेसष्ट वर्षांचे पाय, पण घरोघरचे जिने चढून घडलेले. फाटकापलीकडे वीस पावलांवर त्यांनी सुनेची सीट मागून पकडली.

“सोडा!” सून किंचाळली. “आई, सोडा! येतंय मला! नका ना धरू!”

“थांब आधी!”

“सगळ्यांसमोर नका ना करू असं! सोडा!”

तिने रागाने डाव्या पायावर सारा भार दिला. पेडल दांड्यातून निसटून खणकन रस्त्यावर पडले. पाय निराधार खाली गेला, सायकल उजवीकडे, रस्त्याच्या मध्याकडे कलली. मावशींनी सीट आणि सून दोन्ही छातीशी ओढून धरली. भोंगा वाजवीत बस शेजारून निघून गेली.

मग धावपळ झाली. साऱ्याजणी भोवती जमल्या. “बाई गं, एवढ्या लांबून कळलं कसं?” “अनुभव आहे अनुभव!” औषधवाली पेडल हातात घेऊन उभी होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. सुनेने सासूच्या खांद्यावर डोके टेकले आणि म्हणाली, “आई, तुम्ही नसतात तर...”

जे हवे होते ते सारे असे ओंजळीत येऊन पडले. मावशींनी फक्त गप्प राहायचे होते, आणि त्या दिवशी तर ते त्यांना चांगले साधले होते. पण खांद्यावरच्या त्या डोक्याचे ओझे त्यांना पेलवेना.

“मला मघाशीच दिसलं होतं,” त्या म्हणाल्या. “बसवतानाच.”

सुनेने डोके उचलले. “बसवताना?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“ती तुला शिकवत होती म्हणून.”

सुनेने त्यांच्या मिठीतून अंग सोडवून घेतले, विजारीची धूळ झटकली आणि औषधवालीकडे वळून म्हणाली, “ताई, तुमची सायकल देता? मला पुलापर्यंत जायचंय.” आणि ती गेली, उरलेल्या चौघी तिच्या मागून गेल्या. बाकीच्या बायका अवघडून पटांगणात परतल्या.

औषधवाली आणि मावशी दोघीच रस्त्याच्या कडेला उरल्या. औषधवाली हातातल्या पेडलचे आटे बोटाने चाचपीत होती.

“अडतंय हे मलाही कळलं होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला विचारणार होते. पण तुम्ही बघत होतात ना. तुमच्यासमोर येत नाही म्हणायची लाज वाटली. म्हणून रेटलं.”

मावशींनी तिच्याकडे प्रथमच नीट पाहिले. भिंगांमागचे डोळे भरून आले होते.

“दांड्याचे आटे गेले,” मावशी म्हणाल्या. “दुकानात न्यावी लागेल. मी नेते.”

आपली सायकल पटांगणातच ठेवून त्या ती लंगडी सायकल हाताने ढकलीत निघाल्या. दुकान पुलाच्याच वाटेवर होते. समोरून पाचजणी परत येत होत्या, सून सर्वांत पुढे. ती मावशींच्या शेजारून गेली. तिने पाहिले नाही. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून स्त्रिया तिच्याकडे पाहत होत्या, एकीने तर कडेवरच्या मुलीलाही वर उचलून धरले होते. पायी चाललेल्या म्हातारीकडे कोणाचे लक्ष नव्हते. मावशींना वाटले होते की कबुलीने मत्सर धुऊन निघेल. तो होता तिथेच होता, निखाऱ्यासारखा.

तळमजल्याच्या खिडकीत चाळिशीची एक बाई भांडे पुसत उभी होती. “अहो मावशी,” तिने हाक मारली, “पुढे गेली ती कोण हो? निळ्या कपड्यातली?”

“आमची सून.”

“अगबाई! मग काय, तुम्हीच शिकवलं असणार!”

मावशी थांबल्या. ‘हो’ म्हणायला तिथे कोणाची आडकाठी नव्हती.

“नाही,” त्या म्हणाल्या. “मला नाही जमलं. चौकातल्या औषधाच्या दुकानातल्या ताई शिकवतात. बाजारामागच्या पटांगणात, रविवारी सात वाजता.”

“या वयात मी कसली शिकते?”

“आधी पेडल काढून ठेवतात. पाय जमिनीवरच असतात.” मावशींना क्षणभर श्वास घ्यावा लागला. “फार छान शिकवतात. या तुम्ही.”